पाणी तोडल्यावर

दिवाळी अंकाच्या लेखाला बसले की मराठीच्या मास्तराला प्रथम शब्द आठवावेत, हे त्याच्या धंद्याला धरूनच आहे. ‘दिवाळी’ आणि ‘दिवाळे’ हे असेच दोन शेजारी शब्द. पूर्वी व्यापार बुडाला म्हणजे सावकार भर दुपारी आपल्या पेढीवर दिवा लावून बसे. आता येथे घेण्यासारखे काही उरले नाही, हे पेठेने त्यावरून ओळखावे. ‘दिवाळे निघणे’ हा प्रयोग तेथून आला, असे सांगतात. म्हणजे दिवा तोच. रात्री लावला तर दिवाळी, दिवसा लावला तर दिवाळे! वर्गात हे सांगितले की मुले हसतात, आणि मीही बरीच वर्षे त्यांच्याबरोबर हसत आलो. परंतु २०१२ सालच्या दिवाळीत आमच्या घरी हे दोन्ही दिवे एकाच वेळी लागले आणि तेव्हापासून हा विनोद मी जरा जपून करतो.

आमचे गाव जालना जिल्ह्यातले. जालन्याकडची मोसंबी वाचकांपैकी पुष्कळांनी चाखली असेल. ती मुंबई-पुण्याच्या फळवाल्याकडे ढीग लावून असते आणि दवाखान्यात कोणाला पाहायला जाताना हटकून घेतली जाते. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९९७ साली तीन एकरांत सव्वातीनशे झाडे लावली. माझे बी.ए. आणि एम.ए. ह्या झाडांनी केले. बहिणीचे लग्न झाडांनी केले. घराची पुढची दोन पक्की दालनेही झाडांचीच. अण्णा स्वतः सातवीपर्यंत शिकलेले, गळ्यात माळ, आषाढीची वारी कधी न चुकलेली. ह्या सगळ्याचे श्रेय ते पांडुरंगाला देत. मी एम.ए. झाल्यामुळे ते श्रेय विहिरीला देत असे.

आता मोसंबीच्या बागेविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. मोसंबी आपण होऊन एका वेळी फुलत नाही. खतपाणी सतत मिळत राहिले तर झाड नुसते पालवत राहते, हिरवेगार दिसते, आणि फळाच्या नावाने आज दोन, महिन्याने चार, असा कारभार करते. म्हणून बहर ‘धरावा’ लागतो. आंबे बहर धरायचा तर डिसेंबरच्या सुमारास बागेचे पाणी तोडतात. ह्याला म्हणतात ताण देणे. जमीन हलकी असेल तर महिना-सव्वा महिना, भारी काळी असेल तर दीड-दोन महिने झाडाला थेंब द्यायचा नाही. पाने मलूल होतात, मग पिवळी पडतात, मग गळू लागतात. नवख्या माणसाला बाग मेली असे वाटते. वाढ थांबलेली असते खरी. परंतु तेवढ्या काळात झाड फांद्यांत अन्न साठवून ठेवीत असते. योग्य वेळी बागवान आळी खणतो, खत घालतो, आणि पहिले हलके पाणी देतो. ते आंबवणी. काही दिवसांनी दुसरे, ते चिंबवणी. मग भरपूर पाणी. आणि जानेवारी-फेब्रुवारीत सगळी बाग एकदम पांढरी होते. त्या वासाने रात्री झोप लागत नाही. ही फळे पुढच्या दिवाळीच्या आगेमागे तोडणीला येतात. (आंबवणी आणि चिंबवणी हे दोन शब्द मला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकवले नाहीत. असे शब्द ज्याच्या तोंडी आहेत त्याला आपण अल्पशिक्षित म्हणतो. असो.)

ताणाचे गमक एकाच गोष्टीत आहे : किती. कमी दिला तर फुले येत नाहीत. आठ-दहा दिवस जास्त झाला तर फांद्या वाळतात, आणि त्याहून जास्त झाला तर झाडच जाते. पंचांगात त्याची तारीख लिहिलेली नसते. अण्णा रोज सकाळी बागेत जाऊन गळलेल्या पानांकडे पाहत, एखादे उचलून बोटांत मोडून पाहत, आणि माईला सांगत, “अजून नाही.” लहानपणी मला हा माणूस त्या दिवसांत थोडा क्रूर वाटत असे.

२०१२ साली मराठवाड्यात पाऊस झाला नाही. आला तो तोंड दाखवून गेला. जायकवाडी रिकामी होत होत मृत साठ्यावर आली. आमच्या बागेतली त्या वर्षीची फळे लिंबाएवढी झाली आणि गळली. दिवाळीला मी गावी गेलो तेव्हा विहिरीच्या तळाशी ताटाएवढे पाणी होते. माईने पणत्या लावल्या, आणि अण्णा बँकेचे व सोसायटीचे कागद मांडून बसले होते. त्या डिसेंबरात आम्हाला बागेला ताण द्यावा लागला नाही.

अण्णांनी दोन बोअर घेतले, दोन्हींतून धूळ निघाली. मग टँकर सुरू झाले. जानेवारीत त्यांचा फोन आला की, आणखी दोन महिने टँकर घातले तर निम्मी बाग तगेल. काही रक्कम होईल का? मी तेव्हा एका महाविद्यालयात तासिकेवर शिकवीत होतो. तासिकेचे पैसे वर्षाच्या शेवटी कधी तरी एकदम मिळत. जवळ होते ते साठवून ठेवलेले थोडेसे होते आणि त्यावर माझा वेगळा हिशेब होता. मी त्यांना बाग सोडून द्यायला सांगितले. ते म्हणाले, “पोटच्या लेकरावाणी वाढवलीय, अशी कशी सोडावी?” तेव्हा मी जे बोललो ते अजून माझ्या कानात आहे. मी म्हणालो, “मग तुमच्या पांडुरंगाला सांगा की टँकर धाडायला!”

पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही. मग अण्णा शांतपणे म्हणाले, “सांगितलंय.” आणि फोन ठेवला.

टँकर आला नाही, हे सांगायला नकोच. एप्रिलात बाग तोडली. सरपणवाला येऊन वजनावर घेऊन गेला. घरालगतची चौदा झाडे मात्र माईने सोडू दिली नाहीत. प्रत्येक झाडाच्या बुडाशी एक मडके पुरले, त्याला खाली बारीक भोक पाडून चिंधीची वात घातली, आणि अंघोळीचे, भांड्यांचे, तांदूळ धुतल्याचे, असे घरातले एकूण एक पाणी त्यात जाऊ लागले. पाहुणा आला तर त्याचे उरलेले पेलाभर पाणीसुद्धा.

मे महिन्यात मी गेलो तो अण्णा ऐन उन्हात त्या उघड्या रानातली खोडे उपटून काढीत होते आणि भाड्याच्या ट्रॅक्टरने नांगरट चालू होती. पुढच्या पावसाचा पत्ता नव्हता. डोक्यावर कर्ज होते. “कशाच्या जोरावर नांगरता?” असे मी विचारले. आधीच्या बोलण्याचा सल माझ्या मनात होता म्हणून मी हलकेच विचारले. अण्णा म्हणाले, “अन् आला पाऊस, तर? रान तयार नसलं तर त्याला मी काय तोंड दाखवू?” पावसाला की पांडुरंगाला, ते मी विचारले नाही. त्यांच्या बोलण्यात हा फरक बहुधा नव्हताच. जुलैत ते नेहमीप्रमाणे पायी पंढरीला गेले.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. गोष्ट लिहिणारा येथेच थांबला असता. परंतु आमच्या गोष्टीत पुढे २०१४ आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणीला आलेल्या गव्हा-हरभऱ्यावर मराठवाडाभर गारांचा मारा झाला, आणि मग २०१४ व २०१५ अशी लागोपाठ दोन वर्षे पुन्हा पावसाने दगा दिला. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावे लागले, ते वाचकांच्या लक्षात असेल.

मधल्या ह्या काळात माझी नोकरी कायम झाली आणि बी.ए.च्या वर्गाला मी तुकारामबुवा शिकवू लागलो. दुष्काळ हा तुकोबांच्या चरित्राचा उंबरठा आहे. तो ओलांडल्याशिवाय आत जाता येत नाही. १६३० च्या सुमाराचा तो दुष्काळ दख्खन आणि गुजरात ह्या दोन्ही मुलखांत पडला. शाहजहानच्या दरबारातील इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी ह्याने ‘बादशाहनाम्या’त त्याचे वर्णन केले आहे, बाजारात हाडांचे पीठ मिसळून धान्याचे पीठ विकले जात होते, असे त्यात येते. त्याच वर्षी फेब्रुवारीत शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला, हा योगही मी मुलांना सांगतो. तुकोबा तेव्हा विशीच्या आसपासचे, देहूचे महाजन, किराण्याचा धंदा, सावकारी, दोन बायका. वडील भाऊ विरक्त होऊन निघून गेलेला, आईबाप वारलेले. दुष्काळात धंदा बुडाला, पत गेली, आणि थोरली बायको रखुमाबाई अन्नान्न करीत मेली. मुलगाही गेला.

ह्याच तुकोबांचे असे अभंग आहेत की ज्यांत ते देवाला सांगतात, दिवाळे निघाले ते चांगले झाले, दुष्काळाने छळले तेही चांगले झाले, कारण त्यामुळे तुझी आठवण राहिली. एका अभंगात तर बायको, मूल आणि आई ह्यांच्या मृत्यूंनी देवाने आपल्याला एकेका पाशातून मोकळे केले, असे ते म्हणतात. परंपरेने मी त्यावर शिकवीत असे : संकट हे भक्ताच्या वाढीचे साधन कसे होते, संसाराचे खत परमार्थाला कसे लागते, वगैरे. मी मोसंबीच्या ताणाचा दृष्टान्तही देऊ लागलो होतो, आणि खरे सांगायचे तर तो दृष्टान्त सुचल्याबद्दल मला थोडा अभिमानही होता. मुलांना तो आवडे. वर्गातली निम्मी मुले खेड्यातली. ताण म्हणजे काय ते त्यांना समजावून द्यावे लागत नसे.

२०१५ च्या हिवाळ्यात असाच तास चालू असता मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. वर्षभरात ती कधी बोललेली मला आठवत नाही. ती म्हणाली, “सर, ताण दिल्यावर तुकारामांना बहर आला. रखुमाबाईचं काय?”

मी काही तरी बोललो. काय बोललो ते आठवत नाही, ह्यावरूनच ते किती पोकळ होते ते कळावे. तास संपल्यावर इतर मुलींकडून समजले की तिच्या वडिलांनी त्या पावसाळ्यात औषध पिऊन जीव दिला होता. मराठवाड्यात ‘औषध’ म्हटले की कोणते, ते कोणी विचारीत नाही.

त्या रात्री मी गाथा काढून बसलो. इतकी वर्षे शिकवलेल्या मजकुरात एक साधी गोष्ट माझ्या नजरेतून निसटली होती, ती म्हणजे क्रम. तुकोबांनी एका दीर्घ अभंगात आपली हकीकत स्वतःच सांगितली आहे. संतांनी विचारले म्हणून सांगतो, अशी सुरुवातीला क्षमा मागून ते सांगतात. त्यात बायको मेल्यानंतर ‘चांगले झाले’ येत नाही. त्यात लाज येते. दुःख येते. धंद्यात तोटा येत चालला म्हणून आलेला वीट येतो. मग देऊळ येते. पूर्वजांचे विठ्ठलाचे देऊळ पडले होते, ते नीट करावे असे मनात आले, असे ते म्हणतात. म्हणजे ज्या देवाने काही वाचवले नव्हते त्याच्या पडक्या भिंती ह्या माणसाने आधी उभ्या केल्या. त्यानंतर एकादशीला कीर्तन, आणि तेही कसे? स्वतः उभे राहून नव्हे. सुरुवातीला अभ्यासात चित्त नव्हते, म्हणून संतांची वचने विश्वासाने पाठ केली, आणि पुढे गाणारे गात त्यांच्या मागे ध्रुपद धरले. कवित्वाची स्फूर्ती ह्या सगळ्याच्या पुढची.

तेव्हा रखुमाबाई गेली त्या दिवशी तुकोबा कवीच झालेले नव्हते. ‘बरे झाले’ हे उद्गार त्या घरात, त्या प्रेताशेजारी कोणी काढलेले नाहीत. ते पुष्कळ वाट चालून गेलेल्या माणसाने मागे वळून काढलेले आहेत. आणि माझ्या मते त्याहून महत्त्वाचे हे की, ते त्याने फक्त स्वतःच्या दिवाळ्याविषयी काढले आहेत. शेजाऱ्याच्या दारात जाऊन, तुझे दिवाळे निघाले ते देवाने तुझ्या कल्याणासाठीच काढले, असे त्यांनी सांगितले नाही. उलट शेजाऱ्याच्या बाबतीत त्यांनी काय केले, ते महिपतीने लिहून ठेवले आहे. घरात लोकांच्या नावची कर्जखते होती. भाऊ कान्होबाचा अर्धा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याची खते तुकोबांनी इंद्रायणीत बुडवली. दुष्काळाने पिचलेल्या कुळांकडून येणे बुडवले! ज्याला आपला ताण देवाचा वाटला, त्याने दुसऱ्याचा ताण स्वतःच्या हाताने सोडवला. आम्ही मास्तर मंडळी मात्र दोन्ही ठिकाणी एकच दृष्टान्त लावून मोकळी होतो.

आणि मी तर त्याहून पुढे गेलो होतो. अण्णांनी रक्कम मागितली तेव्हा मी त्यांना पांडुरंगाकडे पाठवले होते.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी सांगितले की, काल विचारलेल्या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नाही, आणि ताणाचा दृष्टान्त मी परत घेतो. ती मुलगी हजर होती. वह्यांतून दृष्टान्त खोडला गेला की नाही ते मला ठाऊक नाही. परीक्षेत मात्र तो पुष्कळांनी लिहिला. तिने पुढे एम.ए. केले. तिला बहर आला असे मी म्हणणार नाही. तिने अभ्यास केला, आणि आईने मजुरी केली. तिने प्रबंधिकेसाठी विषय निवडला तो बहिणाबाई चौधरींचा. तिशीत विधवा झालेली, प्लेगाने मुलाला आलेले अपंगत्व पाहिलेली, अक्षरओळख नसलेली ही खानदेशची शेतकरीण दाण्याने मातीखाली काय करावे हे इतक्या जवळून जाणत होती. परंतु तिच्या गाण्यांचे पुस्तक निघाले ते १९५२ साली, आणि ती गेली ३ डिसेंबर १९५१ ला. आचार्य अत्र्यांची प्रस्तावना, महाराष्ट्रभर झालेले कौतुक, ह्यातले काही तिला दिसले नाही. त्या मुलीने प्रबंधिकेच्या शेवटी हे तारखांसह नुसते नोंदवले होते, भाष्य केले नव्हते. मी तिला त्याबद्दल जास्तीचे गुण दिले.

२०१६ ला पाऊस आला. २०१७ च्या पावसाळ्यात अण्णांनी पुन्हा मोसंबी लावली, एक एकर, शंभर झाडे. वय एकाहत्तर. मोसंबीला चांगले फळ धरायला पाच-सहा वर्षे लागतात. गावातल्या लोकांनी विचारले, मीही विचारले : आता कोणासाठी? अण्णांना ह्या प्रश्नाचा अर्थच नीट कळला नाही. ते मला खड्ड्यात शेणखत किती घालावे ते सांगू लागले. ह्या वेळी मी विचारले नसते तरी त्यांनी मागितले नसते, हे मला माहीत होते. म्हणून ठिबक सिंचनाचा खर्च मी आपण होऊन दिला. त्यांनी नको म्हटले नाही. घेतलेही नाही, “त्या ठिबकवाल्याला दे परस्पर,” म्हणाले. जुने बोलणे आमच्यात पुन्हा कधी निघालेले नाही. मी एकदा काढायला गेलो, तर त्यांनी ऐकू न आल्यासारखे केले.

माईची चौदा झाडे अजून आहेत. त्यातली दोन आता वठत चालली आहेत. मडकी फुटली, पण ती काढलेली नाहीत.

गेल्या डिसेंबरात मी रजा घेऊन गावी होतो. अण्णांना मोतीबिंदूमुळे बागेतले नीट दिसत नाही, आणि शस्त्रक्रियेला ते ‘हा बहर निघू दे’ म्हणून टाळत होते. पाणी तोडून महिना होऊन गेला होता. मी सकाळी बागेत गेलो. थंडी होती. झाडे पिवळी, मलूल, खाली पानांचा सडा. माझा जीव राहिना. वाटले, चालू करावे पाणी. कळ माझ्याच हाताशी होती. एका फांदीचा शेंडा मला वाळल्यासारखा दिसला. मी धावत घरी आलो. अण्णा ओसरीवर उन्हाला बसले होते. मी ओंजळभर पाने त्यांच्यापुढे धरली. त्यांनी एक उचलले, बोटांत मोडले, त्याचा आवाज ऐकला.

“किती गळाली?” त्यांनी विचारले.

“चौथा हिस्सा असेल.”

“अन् शेंडे?”

“एक वाळल्यागत वाटतोय.”

“वाटतोय का वाळलाय?”

मी पुन्हा बागेत गेलो. तो शेंडा वाकवून पाहिला. आत हिरवा होता. परत येऊन तसे सांगितले.

“मग अजून चार दिवस,” अण्णा म्हणाले, आणि माळ ओढायला लागले.